मुळं निळी होतात, बुरशी मात्र दिसत नाही

मुळांच्या आत राहणारी मायकोरायझा बुरशी बघायची म्हणून मुळं धुतली, केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात) गरम केली, ॲसिडातून काढली, ट्रिपॅन ब्ल्यू या निळ्या रंगात ठेवली, स्लाइड लावली. आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तर समोर नुसती निळीशार दोरी. हायफी म्हणजे बुरशीचे तंतू नाहीत, व्हेसिकल म्हणजे तंतूंवरचे फुगे नाहीत, आणि पेशीत झाडासारखे फाटे फुटलेल्या आर्बस्क्यूलचा तर पत्ताच नाही. माझ्याकडे हे काम शिकणारी मुलं दर हंगामात ही अडचण घेऊन येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, रंग बदलून बघू का?"

रंगाच्या बाटलीला इतक्यात हात लावू नका. इतकी वर्षं मी मुळं रंगवते आहे, पण रंगच खराब निघाला अशी वेळ फार थोड्यांदा आली. दोष बहुतेक वेळा रंगाच्या आधीच्या दोन पायऱ्यांत असतो: मूळ पारदर्शक करणं आणि ते आम्लधर्मी करणं. या दोन्हींपैकी कुठे चुकलं तेही स्लाइडवरच लिहिलेलं असतं. निळा रंग नेमका कुठे बसलाय आणि कुठे बसलेला नाही, एवढं शांतपणे पाहायचं.

आधी थोडं कारण समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. आर्बस्क्युलर मायकोरायझाची बुरशी मुळाच्या कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मधल्या वाहक पट्ट्याभोवतीच्या पेशींच्या थरात राहते. कॉर्टेक्सचा सर्वांत आतला थर, म्हणजे अंतस्त्वचा, ओलांडून वाहक पट्ट्यात ती जात नाही. कॉर्टेक्सच्या पेशी गराने, टॅनिनने, रंगद्रव्यांनी भरलेल्या असतात, त्यामुळे साधारण ५ ते १० मायक्रोमीटर जाडीचा तंतू आत असला तरी दिसत नाही. गरम केओएच हा गर विरघळवून बाहेर काढतं. मागे उरतात पेशींच्या भिंती आणि बुरशीची कायटिनयुक्त भिंत. मग ॲसिड येतं. ट्रिपॅन ब्ल्यू हा ऋणभारित रंग आहे. आजूबाजूला आम्ल असलं की तो बुरशीच्या भिंतीला धरतो, अल्क उरलं असलं की नीट धरत नाही.

फिलिप्स आणि हेमन यांनी १९७० मध्ये ही पद्धत मांडली तेव्हा रंग लॅक्टोफेनॉलमध्ये मिसळलेला असे. कोस्के आणि गेमा यांनी १९८९ मध्ये विषारी फिनॉल काढून टाकलं आणि आम्लयुक्त ग्लिसरीन वापरलं. १९९८ मध्ये फीरहाइलिग आणि सहकाऱ्यांनी तर फाउंटन पेनची शाई आणि व्हिनेगर यांवर काम भागवून दाखवलं. क्लोराझोल ब्लॅक या काळ्या रंगाची कृती आणखी वेगळी. पण या सगळ्यांत मूळ आधी साफ करावंच लागतं आणि रंग आम्लातच चढतो. म्हणून ट्रिपॅन ब्ल्यू सोडून शाईकडे गेलात तरी जुनी चूक तुमच्यासोबत तिकडेही येते.

अख्खं मूळ गडद निळं

कॉर्टेक्स निळा, वाहक पट्टा निळा, मूलरोमही निळे. अशा वेळी मूळ पुरेसं साफ झालेलं नसतं, नाहीतर जादा रंग उतरवलेला नसतो. दोन्हींत फरक करायचा सोपा मार्ग आहे. रंगवण्याआधीचं साफ केलेलं एक मूळ पाण्याच्या पेट्री डिशमध्ये घ्या आणि डिश छापील कागदावर ठेवा. बारीक मूळ असेल तर खालचं अक्षर त्यातून वाचता आलं पाहिजे. मग तेच मूळ सूक्ष्मदर्शकाखाली बघा. मधला पट्टा वेगळा उठून दिसायला हवा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कॉर्टेक्स काचेसारखा. अक्षर धूसर दिसत असेल तर रंगवू नका, पुन्हा केओएचमध्ये टाका. ही पाहणी दोन मिनिटांची आहे आणि ती न केल्यामुळे वाया गेलेले दिवस मी पाहिले आहेत.

वेळ किती द्यायचा? १० टक्के केओएच आणि ९० अंश सेल्सियस धरलं तर कांद्याच्या किंवा क्लोव्हरच्या कोवळ्या मुळांना १०-१५ मिनिटं पुरतात, मक्यासारख्या गवतवर्गीय मुळांना अर्ध्या तासाच्या आसपास आणि झाडांच्या मुळांना तासभर किंवा त्याहून जास्त. हे आकडे सुरुवातीसाठी आहेत, शेवटचा शब्द मुळाचा. पहिल्या दहा मिनिटांत द्रावण कोऱ्या चहासारखं झालं तर ते ओतून टाका आणि नवं घाला. एकाच गढूळ द्रावणात तासभर ठेवण्यापेक्षा ताज्या द्रावणाच्या दोन छोट्या फेऱ्या मुळाला कमी त्रास देतात.

मला स्वतःला सगळ्यात जास्त काळ छळलं ते कॅसेटमधल्या, म्हणजे मुळं ठेवायच्या जाळीदार डबीतल्या गर्दीने. एका हंगामात किती टक्के मुळात बुरशी आहे याचे माझे आकडे काही केल्या जुळत नव्हते. एकाच कुंडीतली मुळं, एका स्लाइडवर कॉर्टेक्स बुरशीने भरलेला आणि दुसऱ्या स्लाइडवर नुसता निळा धूर. शेवटी केओएचमधून काढलेली एक कॅसेट तशीच उघडली आणि मुळांचा गुंता न विस्कटता चिमट्याने मधोमध फाकवला. बाहेरची मुळं पांढरीस्वच्छ, आतली तपकिरी. मी मुळं इतकी ठासून भरली होती की मधल्या मुळांपर्यंत द्रावण पोचतच नव्हतं. तेव्हापासून १ सेंटिमीटरचे तुकडे, कॅसेट निम्म्याहून कमी भरलेली आणि अधूनमधून हलवणं, हा नियम मी मोडलेला नाही.

मूळ साफ आहे आणि तरीही सगळं निळं, असं असेल तर आधी रंगाचं प्रमाण तपासा. ०.०५ टक्के म्हणजे १०० मि.लि. मध्ये ५० मिलिग्रॅम. दशांश चिन्ह एक घर सरकतं आणि ०.५ टक्क्यांचं द्रावण तयार होतं, असं अनेकदा घडतं. त्यात मुळं रात्रभर राहिली की सगळंच निळं. मुळं फेकायची गरज नाही. लॅक्टिक ॲसिड, ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात दोन-तीन दिवस ठेवा, द्रावण निळं झालं की बदला. कॉर्टेक्सच्या भिंतींवरचा रंग आधी सुटतो, बुरशीवरचा मागे राहतो. वाहक पट्टा काही वनस्पतींत थोडा निळसर राहणारच, त्याच्या मागे लागू नका.

मूळ स्वच्छ, पण निळं काहीच नाही

इथे जरा थांबून बोलायला हवं, कारण या स्लाइडवरून लोक "बुरशी नाही" असं लिहून मोकळे होतात आणि तो शून्य कायमचा नोंदवहीत बसतो.

पहिला संशय ॲसिडच्या पायरीवर घ्या. साध्या हिशोबाने कळेल. १० टक्के केओएच म्हणजे लिटरमागे सुमारे १.८ मोल. १ टक्का हायड्रोक्लोरिक ॲसिड, म्हणजे तीव्र ॲसिड १ मि.लि. घेऊन १०० मि.लि. केलेलं, हे लिटरमागे सुमारे ०.१२ मोल. याचा अर्थ असा की मुळांना आणि कॅसेटच्या खाचांना चिकटून जेमतेम ७ मि.लि. केओएच आलं तर १०० मि.लि. ॲसिड पूर्ण मारलं जातं. बाटलीवर "१% ॲसिड" लिहिलेलंच असतं, आत मात्र मिठाचं पाणी. आमच्याकडे एकदा ॲसिडचा एकच बीकर आठवडाभर वापरात होता, रोज दोन-तीन तुकड्या त्यातून जात होत्या. पहिल्या दिवसाच्या स्लाइड सुंदर, गुरुवारपासून सगळ्या कोऱ्या. आम्ही रंग नवा केला, केओएच नवं केलं, मुळं पुन्हा आणली. त्या बीकरमध्ये पीएच कागद बुडवायचं मात्र शेवटी सुचलं.

आता मी प्रत्येक तुकडीला ॲसिड ताजं घेते. त्याआधी मुळं पाण्याने तीन-चार वेळा नीट धुते, कॅसेट झटकते आणि टिपकागदावर टेकवते. ॲसिडात किमान ५ मिनिटं, जाड मुळं असतील तर अर्धा तास. मग एक मूळ बाहेर काढून पीएच कागदावर चिमट्याने दाबते. मूळ चिरडल्यावर आतून जे पाणी येतं त्याचा पीएच १-२ च्या आसपास दिसला पाहिजे. वरचं पाणी आम्लधर्मी आणि आतला गाभा अजून अल्कधर्मी, असं जाड मुळांत सर्रास होतं, म्हणून चिरडून बघायचं.

आणि त्यानंतरची चूक तर अगदी चांगल्या सवयीतून होते. ॲसिडनंतर मुळं पाण्याने धुणं. प्रत्येक पायरीनंतर धुवा असं आपल्याला शिकवलेलं असतं, हात आपोआप नळाकडे जातो. इथे धुवायचं नाही. ॲसिड ओतून टाकायचं आणि मुळं थेट रंगात. नळाच्या पाण्यात क्षार जास्त असतील तर एका खळबळण्यातच मिळवलेलं आम्लपण निघून जातं. शाई-व्हिनेगरच्या कृतीत ॲसिडची वेगळी पायरी नसते, कारण ५ टक्के ॲसेटिक ॲसिड असलेलं व्हिनेगरच ते काम करतं. त्यामुळे तिथे केओएच धुण्यात हलगर्जी चालत नाही. रंग उतरवतानाही साधं पाणी नको, त्यात व्हिनेगरचे काही थेंब हवेत.

शाईबद्दल आणखी एक. कोणतीही शाई चालेल असं समजू नका. १९९८ च्या त्या कामात शेफर कंपनीची काळी शाई सर्वांत चांगली ठरली होती. न पुसल्या जाणाऱ्या, रंगकण असलेल्या शाया मुळावर कणांचा थर सोडतात आणि आत काही जात नाही. नवी शाई आणली की आधी खात्रीच्या मुळावर करून बघा, मगच नमुन्यांना लावा.

खात्रीचं मूळ ही गोष्ट मात्र प्रत्येक तुकडीत हवीच. एका कुंडीत मायकोरायझाचं कल्चर घालून कांदा किंवा लीक लावून ठेवा. पाच-सहा आठवड्यांनी त्यात भरपूर बुरशी असते, मूळ कोवळं आणि रंगहीन असतं, पटकन साफ होतं. ही मुळं ५० टक्के अल्कोहोलमध्ये साठवा आणि दर वेळी नमुन्यांसोबत एक कॅसेट त्यांची घाला. तिच्यात बुरशी निळी दिसली आणि नमुन्यात दिसली नाही, तर तुमची रसायनं निर्दोष आहेत, आता प्रश्न नमुन्याला विचारा. दोन्ही कोरे निघाले तर नमुन्याबद्दल एक अक्षर लिहू नका.

नमुन्याला विचारायचे प्रश्न हे. वनस्पती यजमान आहे का? मोहरी-कोबीचं कुळ, पालक, बीट, राजगिरा यांच्यात ही बुरशी सहसा वसत नाही. मुळं कोणती आणली? जाड, लाकडासारखी मुळं धुवायला सोपी म्हणून पिशवीत तीच जास्त येतात. बुरशी असते ती शेवटच्या बारीक तंतुमुळांमध्ये, आणि ती झाड उपटताना मातीतच तुटून राहतात. माती खणून काढा, बादलीत भिजवा, चाळणीवर धुवा. जमिनीत स्फुरद खूप दिलेलं आहे का? तसं असेल तर वनस्पती बुरशीला फारशी थारा देत नाही, आणि मग कमी टक्केवारी हे खरं उत्तर असू शकतं. रोप दोन आठवड्यांचं असेल तर आणखी थांबा. बुरशीच्या काही जातीही मुळात फिकट रंगतात, आर्किओस्पोरा आणि पॅराग्लोमस त्यांतल्या. त्या असतील तर प्रकाश कमी करून, कंडेन्सरचा (स्टेजखालच्या भिंगाचा) पडदा थोडा बंद करून बघा.

मूळ तपकिरीच राहतं

झाडांच्या, झुडपांच्या आणि जुन्या मुळांत टॅनिन इतकं असतं की केओएच थकतं. वेळ वाढवत नेलात तर तपकिरी रंग जायच्या आधी कॉर्टेक्स जाईल. केओएचनंतर पाण्याने धुवून अल्कधर्मी हायड्रोजन पेरॉक्साइड द्या: ३ टक्के पेरॉक्साइड ३० मि.लि. आणि अमोनियाचं द्रावण ३ मि.लि., त्याच वेळी मिसळलेलं. उघड्या भांड्यात, फ्यूम हूडखाली, १० मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत, समोर उभं राहून. मूळ फिकट पिवळं झालं की बाहेर. मग भरपूर पाणी आणि नेहमीप्रमाणे ॲसिड. मुळात बुडबुडे अडकले तर पाण्यात काही वेळ ठेवल्यावर निघतात.

कपड्यांचं ब्लीच वापरणारेही आहेत. त्यातलं सोडियम हायपोक्लोराइट ॲसिडला भेटलं तर क्लोरीन वायू सुटतो आणि अमोनियाला भेटलं तर क्लोरामाइन. आपल्या कृतीत ॲसिडही आहे आणि अमोनियाही, म्हणून मी ते या टेबलावर ठेवतच नाही.

फक्त मधली तार उरली

स्लाइडवर सरळ, कडक, स्प्रिंगसारखी वळणं असलेली निळी तार दिसते आणि तिच्या बाजूला काहीच नाही. ती वळणं झायलमच्या, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्यांची आहेत. कॉर्टेक्स जास्त शिजून गळून गेला, आणि बुरशी त्याच्यासोबत गेली. केओएचचं भांडं ओतण्यापूर्वी तळाशी बघा, पांढुरका गाळ दिसला तर तो तुमचा कॉर्टेक्स आहे. या मुळांवर शून्य लिहायचा नाही, ती मोजणीतून बाद. पुढच्या वेळी केओएच ५ किंवा २.५ टक्के करा, उकळी येऊ देऊ नका आणि कॅसेट उचलताना हिसका देऊ नका. सुकलेली मुळं थेट केओएचमध्ये टाकली तरीही असंच फाटतं. ती आधी रात्रभर पाण्यात फुगवून घ्या.

निळं दिसतंय, पण ते आपलं आहे का?

मुळात इतरही बुरश्या राहतात आणि रंग भेदभाव करत नाही. मायकोरायझाच्या कोवळ्या तंतूंना आडवे पडदे जवळजवळ नसतात, तंतू थोडा वेडावाकडा, गाठीगाठींचा आणि कॉर्टेक्समध्ये मुळाच्या लांबीच्या दिशेने धावतो. ठरावीक अंतरावर पडदे, सरळ रेषा आणि मूळचाच तपकिरी रंग दिसला तर ती गडद पडदेवाली अंतर्वासी बुरशी, तिची मोजणी वेगळ्या रकान्यात करा. २ मायक्रोमीटरपेक्षाही बारीक, पंख्यासारखे फाटे फुटणारे तंतू दिसले तर ते सूक्ष्म मूळ-अंतर्वासी, तेही वेगळे लिहा.

व्हेसिकलबाबत मी कडक आहे. गोल किंवा लांबट फुगा दिसला, पण तो तंतूला जोडलेला दिसत नाही, तर मोजायचा नाही. ऑल्पिडियम या मुळातल्या दुसऱ्या बुरशीचे विश्रांतीबीजाणू आणि इतर किती तरी गोल गोष्टी मुळात असतात. उलट जायगास्पोरा आणि स्क्युटेलोस्पोरा या मायकोरायझा बुरश्या मुळाच्या आत व्हेसिकल करतच नाहीत. तेव्हा व्हेसिकल नाही म्हणून मायकोरायझा नाही, हेही म्हणता येत नाही. निळ्या सुया किंवा चांदण्या दिसल्या तर तो न विरघळलेला रंग आहे. द्रावण गाळून घ्या.

एक गोष्ट इथेच सांगते, ती टाळू नका. ट्रिपॅन ब्ल्यू माणसात कर्करोगाला कारण ठरू शकणाऱ्या पदार्थांच्या गटात मोडतो, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत गट २ब. हातमोजे घाला, पावडर तोलताना पंखा बंद ठेवा, वापरलेलं द्रावण वेगळ्या बाटलीत साठवा. केओएच बनवताना गोळ्या पाण्यात हळूहळू टाका, पाणी गोळ्यांवर ओतू नका, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

हायफी आहेत, आर्बस्क्यूल सापडत नाहीत

हे बहुधा रंगाचं दुखणं नसतं. आर्बस्क्यूल काही दिवसांतच जिरून जातं, त्यामुळे जुन्या मुळात तंतू आणि व्हेसिकल भरपूर आणि आर्बस्क्यूल नाहीत, हे चित्र खरंही असू शकतं. कोवळ्या, पांढऱ्या मुळांचे तुकडे वेगळे काढून बघा. काही वनस्पतींत पेशीपेशीत तंतूंची वेटोळी दिसतात आणि आर्बस्क्यूल त्या वेटोळ्यांवर लहान-लहान असतात, तिथे झाडासारखा आकार शोधत बसलात तर मिळणार नाही.

बाकी राहिलं ते पाहणं. १०० पटीवर आर्बस्क्यूल म्हणजे पेशीत साचलेला निळसर ढग, कोणीही रंगाचा डाग समजून पुढे जाईल. ४० च्या ऑब्जेक्टिव्हवर या. स्लाइडवर ग्लिसरीनचा एक थेंब, कव्हर स्लिप, आणि वरून पेन्सिलच्या मागच्या रबराने हलका दाब, म्हणजे मूळ चपटं होऊन पेशी एका पातळीत येतात. आता फाइन फोकस सावकाश खाली-वर करा. पेशीच्या एका कडेला जाड खोड दिसेल, फोकस किंचित हलवला की त्याचे दोन फाटे, मग त्यांचे फाटे, आणि शेवटी इतकं बारीक की नुसती रवाळ छटा उरते. खोड सापडलं तर ते आर्बस्क्यूल. खोड नसलेली नुसती रवाळ छटा असेल तर प्रश्नचिन्ह टाकून ठेवा. हे बारीक फाटे ट्रिपॅन ब्ल्यूपेक्षा क्लोराझोल ब्लॅकमध्ये अधिक रेखीव दिसतात, तेव्हा आर्बस्क्यूलच मोजायचे असतील तर रंग बदलायला हे एक चांगलं कारण आहे. शाईने रंगवलेल्या स्लाइड फिकट होत जातात, त्यांचे फोटो त्याच दिवशी काढून घ्या.